मोहाखालची हाक

आंधळ्या माणसाला जंगल दाखवतेस म्हणजे नेमकं काय दाखवतेस, असं मला माझ्या सख्ख्या भावानंही विचारलं होतं. त्याचं काही चुकलं नाही. हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या जंगलात मी गाईड म्हणून लागले तेव्हा मलाही वाटायचं की इथे येणाऱ्या माणसाला वाघ तेवढा दिसला पाहिजे, बाकी सगळं फुकट. वाघ दिसला की गाईड हुशार, नाही दिसला की तोच गाईड कुचकामी. आमच्या धंद्याचा न्याय असा सरळ आहे.

मग वनखात्यातल्या एका साहेबांच्या डोक्यात आलं की ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही, ऐकू येत नाही, त्यांनाही जंगलात आणायचं. गेटवर आम्ही मोजक्याच बाया गाईड होतो. हे काम कोण करेल असं साहेबांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या सासूबाईंची नजर काचबिंदूनं गेली होती. त्यांच्या हाताला धरून मी त्यांना गावच्या बाजारातून फिरवायची आणि कोणत्या दुकानात काय नवीन आलं ते सांगत चालायची, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तशी मी त्या कामाला लागले आणि माझ्या गुडघ्यांनी नकार देईपर्यंत तेच केलं.

धरणाच्या फुगवट्याच्या काठानं आम्ही मुरूम दाबून एक सपाट वाट केली होती. चाकाची खुर्ची आरामात जाईल एवढी रुंद. वाटेच्या एका बाजूनं कमरेच्या उंचीवर दोर बांधलेला आणि दोराला मधूनमधून गाठी. हाताला गाठ लागली की थांबायचं. एका गाठीजवळ हात लांबवला की ऐनाचं खोड लागायचं, मगरीच्या पाठीसारखं खवल्याखवल्यांचं. एका गाठीजवळ नुसता पाण्याचा गार वारा. शेवटच्या गाठीशी थंडीच्या दिवसांत बदकांचा एवढा गलका असायचा की मला बोलायची गरजच पडत नसे. आत जायच्या जिप्सीला मागून उतरती फळी लावली होती, खुर्ची चढवायला. आणि गेटजवळच्या शेडमध्ये एक टेबल होतं. त्यावर हात लावून पाहायच्या वस्तू मांडलेल्या: सुगरणीचा खोपा, सागाची वाळकी पानं, बेहड्याची फळं आणि वाघाच्या पंजाचा प्लास्टरचा ठसा.

बाकीचं काम बोलायचं. ते मी येणाऱ्यांकडूनच शिकले. सुरुवातीला एक जन्मांध गृहस्थ आले होते, गाणं शिकवायचे. तारेवर नीलपंख बसला होता. मी त्यांना निळा रंग समजावून सांगायला लागले, माठातल्या पाण्यासारखा, पहाटेच्या गारव्यासारखा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ताई, रंगाचं राहू द्या, तो करतो काय ते सांगा. तेव्हापासून मी रंग सांगणं सोडलं. कोण काय करतंय तेवढंच सांगायला लागले. बसला, मान वळवली, उडाला, खाली झेपावला, चोचीत टोळ आहे.

पुलगावकडच्या एका निवृत्त मास्तरांची खुर्ची काठावरच्या चिखलात रुतली, ती निघता निघेना. मी घाबरले, मदतीला माणसं आणायला निघाले, तर मास्तर म्हणाले की घाई करू नका. आम्ही गुपचूप बसलो म्हणून चक्रवाकांची एक जोडी चालत चालत जवळ आली होती. मदत पोचल्यावर मास्तर थोडे रागावलेच. अशी माणसं यायची. मला त्यांचा लळा लागायचा.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. वाघ शोधायचा तो कानांनी. वाघाला पाहून वानर झाडावरून खाकरल्यासारखं ओरडतं, चितळ कुकारतं, सांबर ढाँककन आवाज देतं. या सगळ्यांच्या आवाजावरून वाघ कुठे आहे आणि कुठे चालला आहे ते कळतं. एक वाघ तेवढा आवाज करत नाही. त्याच्या पायाखाली वाळकं पानसुद्धा वाजत नाही. हे वाक्य मी प्रत्येक गटाला मोठ्या अभिमानानं सांगायची, जणू तो पाय माझाच आहे.

त्या हिवाळ्यात वर्ध्याजवळच्या एका प्रशिक्षण केंद्रातून अंध बायांचा छोटा गट आला. त्यांच्या बरोबर त्यांच्या शिक्षिका होत्या, नीलिमा मॅडम. बाहेर धुकं दाट होतं म्हणून गाडी काढायच्या आधी मी सगळ्यांना शेडमध्ये टेबलाभोवती बसवलं. त्यात एक साठीकडे आलेल्या बाई होत्या. इथे त्यांना वच्छलाबाई म्हणते. त्यांचं आणि पुढे येणाऱ्या त्यांच्या जावेचं, अशी दोन्ही नावं मी बदलली आहेत. अंगानं काटक, हात शेतात राबलेले, आणि डोक्यावरचा पदर डाव्या गालावरून ओढून हनुवटीखाली धरलेला. थंडी वाजत असेल, असं मला वाटलं.

खोपा हातोहात फिरला, बाया हसल्या. मग मी पंजाचा ठसा पुढे केला आणि माझं नेहमीचं सुरू झालं. हा मोठ्या वाघिणीचा पंजा आहे, एवढं वजन घेऊन चालते, पण आवाज म्हणाल तर नाही. ठसा वच्छलाबाईंकडे आला. त्यांनी आधी आपला तळहात त्यावर ठेवला. पंजाच्या एकेका बोटाच्या उंचवट्यावरून बोट फिरवून पाहिलं. मग दोन्ही हातांनी ठसा उचलला, पदर बाजूला केला आणि तो थंड प्लास्टर आपल्या चेहऱ्याला लावला.

मी बोलता बोलता थांबले. पदराखालची डावी बाजू कपाळापासून जबड्यापर्यंत ओढल्यासारखी शिवलेली होती. डावा डोळा नव्हताच. ठशाची बोटं बरोब्बर त्या खुणांवर बसली होती.

"एवढाच होता," त्या म्हणाल्या. "मले वाटे लई मोठा असंन."

बाकीच्या बायांना दिसत नव्हतं, पण माझं बोलणं मधेच तुटल्यामुळे काहीतरी झालं आहे हे त्यांना समजलं होतं. नीलिमा मॅडमनाही हे नवीन होतं. केंद्रात वच्छलाबाईंनी एवढंच सांगितलं होतं की शेतात अपघात झाला. मी इतकी वर्षं लोकांना वाघाच्या गोष्टी सांगत होते. त्या वाघाच्या पंजाखाली सापडलेलं माणूस माझ्या समोर बसून निमूटपणे त्या ऐकत असेल, हे कधी माझ्या मनातही आलं नव्हतं. ठसा काढून घ्यावा की नाही ते मला समजेना.

मग त्यांनीच सांगितलं. त्यांचं गाव जंगलाच्या पलीकडच्या कडेला. चैत्रातली सकाळ होती. त्या आणि त्यांची धाकटी जाऊ मोहफुलं वेचायला गेल्या होत्या. मोह वेचणारा माणूस तासन्‌तास वाकलेला असतो, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. "मांगून आली थे. पानाचा आवाज नाई, पायाचा नाई, कायचाच नाई. एकदम तोंडावरच." आजूबाजूच्या झाडांखालचे लोक काठ्या घेऊन धावले, वाघीण निघून गेली. एक डोळा तिथेच गेला, दुसरा पुढे दवाखान्यात हळूहळू विझला.

गटातली एक तरुण मुलगी रडायला लागली. मला आत जायचं नाही, म्हणाली. तिचं बरोबर होतं. मी नीलिमा मॅडमना बाजूला घेऊन म्हटलं की आज आत जाणं नको, सगळ्यांना काठावरच्या वाटेनं नेऊ. उघड्या गाडीत एखादं माणूस घाबरून उठलं, किंचाळलं, तर पुढे काय होईल ते सांगता येत नाही. वाघ समोर असताना गाडीतला गोंधळ किती वाईट असतो ते मी पाहिलं आहे. मॅडमनी लगेच मान डोलावली.

वच्छलाबाईंनी आमचं कुजबुजणं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही सगळ्या काठावर जा, पण मला आत न्या, मी आलेच त्यासाठी. काऊन, म्हणजे कशासाठी, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं, "मले एकडाव पाह्यचं हाये, थे जवळ आल्यावर काय होते थे." मला वाटलं, त्यांना वाघाबद्दल बोलायचं आहे.

मी बराच वेळ विचार केला. डोळस माणसाला भीती वाटत असून आत जायचं असेल तर आपण त्याला अडवतो का? नाही. शेवटी असं ठरलं की बाकीच्या बाया दुसऱ्या गाईडबरोबर दोराच्या वाटेनं जातील, आणि वच्छलाबाईंबरोबर मी आणि नीलिमा मॅडम आत जाऊ. गाडीवर दिगांबरभाऊ होते, आमच्यातले सगळ्यात शांत ड्रायव्हर. त्यांना मी सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले की इंजिन बंद करणार नाही.

धुकं विरायला लागलं होतं. वच्छलाबाई माझ्या शेजारी बसल्या आणि त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं. मी काय काय सांगत होते. मोर रस्ता ओलांडतोय, चितळांचा कळप थांबून पाहतोय. त्या मधूनमधून मला म्हणायच्या, हा सागाचा वास आहे, आता बांबू आला. त्यांना घाबरल्यासारखं काही दिसत नव्हतं. मीच आतून ताठ झाले होते.

नाल्याच्या वळणावर वानर खाकरलं. एकदा, मग पुन्हा, मग झाडभर सगळी. दिगांबरभाऊंनी गाडी थांबवली. मी बांबूकडे पाहत होते आणि ती समोरून आली, वाटेच्या मधोमध, सरळ आमच्याकडे. मोठी वाघीण. मान खाली, खांदे वरखाली होत, चालत होती. कसलाही आवाज नव्हता.

माझं काम त्या क्षणी एकच होतं, बोलायचं. अंध पाहुण्याच्या शेजारी बसलेल्या गाईडनं गप्प बसायचं नसतं. हे मीच नव्या गाईडांना शिकवायची. मी तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. पुन्हा प्रयत्न केला, घशात काहीच नव्हतं. शेजारी ती बाई तो ओढलेला गाल घेऊन निवांत बसली होती. वाघीण तिच्याकडे चालत येत होती, मला ती दिसत होती आणि त्या बाईला दिसत नव्हती. तिथे मोहाखाली जे झालं होतं तेच माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा होत होतं, आणि मी नुसती पाहत होते. दिगांबरभाऊंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. नीलिमा मॅडमनी तोंडावर हात दाबून धरला होता.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग कुठून तरी माझा आवाज आला.

"आली आहे," मी म्हटलं. "समोर. वाटेवर. चालत येते आहे."

मनगटावरची पकड घट्ट झाली. त्या हळूच म्हणाल्या, सांगत राहा. मग मी थांबले नाही. थांबली. मान वर केली. आपल्याकडे पाहते आहे. आता डावीकडे वळली. झाडाकडे पाठ करून शेपटी उचलली. तेवढ्यात तो वास आला, सुवासिक तांदूळ शिजल्यासारखा. वाघीण झाडावर आपली खूण सोडते त्याचा तो वास. वच्छलाबाईंनी तो खोल ओढून घेतला. नाल्यात उतरली, मी म्हटलं. पाठ दिसते आहे. आता नाही दिसत. गेली.

दिगांबरभाऊंनी गाडी मागे घेतली आणि उघड्या माळावर येऊन उभी केली. नीलिमा मॅडम रडत होत्या. मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे केली.

वच्छलाबाईंनी माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "वानर वरडलं तवा गाडी थांबली. मंग तुमचा हात थंडा पडला. अन् लई वेळानं तुमी बोलल्या. काऊन?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "तोंड उघडलं होतं. आवाजच निघाला नाही."

"तुमी तं रोज पाह्यता वाघ."

"तरी नाही निघाला."

त्यांनी माझं मनगट सोडलं. माळावर टिटवी ओरडत होती. त्या म्हणाल्या, "मंग गिरजाचं काय चुकलं?"

गिरजा म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, त्या सकाळी बरोबर असलेली. ती शेजारच्याच मोहाखाली होती, तोंड यांच्याकडे करून. तिला वाघीण दिसली असणारच, त्या म्हणाल्या. तिनं एक हाक मारली असती, नुसतं "बाई" म्हटलं असतं, तरी त्या वळल्या असत्या, उभ्या राहिल्या असत्या. पण तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. एवढ्या वर्षांत वच्छलाबाई हे बाहेरच्या कोणाला बोलल्या नव्हत्या, फक्त गिरजाशी बोलणं सोडलं होतं. एकाच घरात, एकाच चुलीवर. गिरजा त्यांना वाढायची, त्यांचं लुगडं धुवायची, त्यांना हात धरून न्हाणीपर्यंत न्यायची. कामापुरता शब्द सोडून या तिच्याशी काही बोलायच्या नाहीत. शेवटी ते सहन होईना म्हणून त्या केंद्रात राहायला आल्या होत्या.

आणि इथे यायचं कारण हे होतं. वाघ समोर आला की माणसाचा आवाज खरंच जातो का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी त्या पुन्हा वाघासमोर येऊन बसल्या होत्या, आणि ज्या आवाजाची परीक्षा झाली तो माझा होता. हे समजल्यावर मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. मी गाडीतून उतरून माळावर उकिडवी बसले. माळावर उतरायला परवानगी नसते. दिगांबरभाऊंनी इंजिन चालूच ठेवलं.

पुढचं नीलिमा मॅडमकडून समजलं. वच्छलाबाई केंद्र सोडून गावी परत गेल्या. गिरजाबाईंजवळ बसून म्हणाल्या, तुझा आवाज निघाला नाही यात तुझा दोष नव्हता, मला आता पटलं. दोघी खूप रडल्या म्हणे. मॅडमनी हे फोनवर सांगितलं तेव्हा मी घरात सगळ्यांना सांगत सुटले. माझ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात मोठं काम ते, असं मला वाटायचं, आणि ते मी गप्प राहून केलं होतं.

वच्छलाबाई मागच्या पावसाळ्यात तापानं गेल्या. हे लिहायच्या आधी मी गिरजाबाईंना विचारायला त्यांच्या गावी जाऊन आले. त्या म्हणाल्या, "लिहा. आता तिले कोन वाचून दाखवते." म्हणून पुढचं लिहिते.

त्या सफरीनंतरच्या हिवाळ्यात दोघी गेटवर आल्या होत्या. गिरजाबाई वच्छलाबाईंपेक्षा लहान, पण जास्त वाकलेल्या. आत जायचं नव्हतं, काठाकाठानं फिरायचं होतं. मी दोराजवळ नेलं तर वच्छलाबाई म्हणाल्या की दोर नको, गिरजा आहे. आणि खरंच, गिरजाबाईंनी मला बोलूच दिलं नाही. पाण्यात हे डुबकी मारून राह्यलं, ते पंख वाळवून राह्यलं, हे पाहा, माय, पिल्लू घेऊन चाललं. त्यांचं तोंड थांबत नव्हतं. इतक्या वर्षांचं साचलेलं असावं. मी त्यांच्या मागे मागे चालत होते आणि मनात फार समाधान होतं.

शेवटच्या गाठीजवळ वच्छलाबाई दगडावर बसल्या, बदकांचा गलका ऐकत. मी गिरजाबाईंना थोडं बाजूला घेतलं आणि म्हटलं की तुम्ही मनाला लावून घेऊ नका, त्या दिवशी माझाही आवाज निघाला नव्हता, वाघासमोर कोणाचाच निघत नाही.

गिरजाबाई माझ्याकडे वळल्या.

"माहा निघाला होता, ताई," त्या म्हणाल्या. "मी वरडली होती. दिसल्याबरोबर वरडली, बाई, बाई म्हनून, गळा फाटेपर्यंत. नाई तं लोक कायले धावले असते? तिलेच आयकू नाई गेलं."

मी दोर धरला. आधी का नाही सांगितलं, मी विचारलं. सांगितलं होतं, त्या म्हणाल्या, दवाखान्यातच सांगितलं, त्यानंतरही कितीदा. ज्यांनी हाक ऐकली त्यांनीही सांगितलं. वच्छलाबाईंचा विश्वास बसला नाही, कारण त्यांनी स्वतःच्या कानांनी काही ऐकलंच नव्हतं. गिरजाला वाचवायला सगळे खोटं बोलतात, असंच त्यांना वाटत राहिलं.

"मग आता तरी सांगा," मी म्हटलं. "मी येते बरोबर. मी सांगते."

गिरजाबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि नाही म्हणून मान हलवली. पलीकडे दगडावर वच्छलाबाईंनी पदर खाली सोडला होता, तो सगळा गाल उन्हात उघडा होता, आणि त्या गिरजाला हाक मारत होत्या.

"एवढ्या वर्सांनी तिनं मले माफ केलं," गिरजाबाई म्हणाल्या. "आता मले माफी नोको होती, असं म्हनू का?"

आणि "आली, बाई," म्हणत त्या तिच्याकडे निघाल्या.